खुब्याचा नवा सांधा आणि गाडीचे चाक

राज्य परिवहनची पहिली बस १ जून १९४८ रोजी धावली ती नगर ते पुणे या मार्गावर. लष्कराच्या चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र, वाहनांच्या चाचण्या घेणारी ‘व्हीआरडीई’ ही संरक्षण खात्याची संशोधन संस्था आणि गळीत हंगामात कारखान्यांच्या दारात लागणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगा पाहिल्या, की या जिल्ह्याचे चाकांशी असलेले नाते वेगळे सांगावे लागत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झाले. बोलण्यात मात्र अजून ‘नगर’च अधिक ऐकू येते. सुमारे १७ हजार चौरस किलोमीटरचा हा जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. चौदा तालुके, आणि अकोल्याच्या डोंगरापासून जामखेडपर्यंतचे अंतर एवढे, की सरकारी कामासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे तर अनेकांचा अख्खा दिवस मोडतो. अशा ठिकाणी गाडी चालवता न येणे ही केवळ गैरसोय राहत नाही. शेत, दुकान, शाळा, नोकरी सारेच त्यावर अडते.

खुब्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया झालेला रुग्ण टाके काढण्यासाठी येतो तेव्हा दुखण्याइतकाच दुसरा एक प्रश्न त्याच्या मनात असतो: ‘गाडी कधी चालवू?’ या प्रश्नाला ‘सहा आठवड्यांनी’ असे ठरावीक उत्तर दिले जाते. उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. कोणता खुबा, कोणती गाडी, कोणती शस्त्रक्रिया आणि कोणती औषधे या चार गोष्टी त्यात येत नाहीत. शिवाय सहा आठवड्यांचा हिशेब मुख्यतः मोटारींवरून बांधलेला आहे. नगरच्या रस्त्यांवरचे निम्मे जग दुचाकीवर असते, हे त्या हिशेबात धरलेले नाही.

खुबा हा शालेय पुस्तकांतील उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाचा गोळा कंबरेच्या हाडातील खोलगट वाटीत फिरतो. गोळा किंवा वाटी झिजली, खचली, की चालणे लंगडे होते, मांडी घालता येत नाही, रात्री कुशीवर वळताना कळ येते. शस्त्रक्रियेत खराब झालेला गोळा काढून मांडीच्या हाडाच्या पोकळीत धातूचा दांडा बसवतात, त्यावर धातूचा किंवा सिरॅमिकचा गोळा येतो आणि वाटीत बहुधा विशिष्ट प्लॅस्टिकचे अस्तर. जॉन चार्नली या ब्रिटिश शल्यविशारदाने १९६२ च्या सुमारास रायटिंग्टन येथील रुग्णालयात ही रचना यशस्वी करून दाखवली. तंत्र पुढे खूप सुधारले, तरी मूळ कल्पना तीच आहे.

पाश्चात्त्य देशांत ही शस्त्रक्रिया मुख्यतः वयोमानाने झिजलेल्या सांध्यांसाठी होते. आपल्याकडे म्हातारपणी कुरकुरतो तो बहुधा गुडघा. खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्यांत तिशी-चाळिशीतील, पन्नाशीच्या आतले रुग्ण बरेच असतात आणि त्यांच्यातील मोठे कारण म्हणजे गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मृत होणे. स्टेरॉइडचा दीर्घ वापर, अतिमद्यपान, सिकलसेल, जुनी दुखापत अशी त्याची कारणे आहेत. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. संजय अगरवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये कोविडच्या उपचारांनंतर हा विकार जडलेल्या तीन रुग्णांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली, तेव्हा त्याकडे बरेच लक्ष वेधले गेले. तात्पर्य, आपल्याकडे खुबा बदललेला माणूस अनेकदा निवृत्त गृहस्थ नसतो. तो टेम्पो, रिक्षा, ट्रॅक्टर चालवणारा, फिरतीची नोकरी करणारा, घरातला एकमेव कमावता असतो. डॉक्टरांनी सांगितलेले आठवडे त्याला रुपयांत मोजावे लागतात, आणि घाई होते ती यामुळेच.

सहा आठवडे आले कुठून?

गाडी चालवण्यातील सर्वांत निर्णायक हालचाल चाक फिरवण्याची नसते. ती ब्रेक दाबण्याची असते. समोर अचानक बैल, मूल किंवा उलट दिशेने येणारी दुचाकी दिसल्यापासून ब्रेकवर पुरेसा दाब पडेपर्यंत जो वेळ जातो, तो मोजून संशोधकांनी रुग्णांची चाचणी घेतली. ब्रिटनमध्ये १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने उजवा खुबा बदललेल्यांना आठ आठवडे थांबण्याचा सल्ला दिला होता. २००३ मधील एका अमेरिकी अभ्यासात चार ते सहा आठवड्यांत हा वेळ शस्त्रक्रियेपूर्वीच्या पातळीवर येत असल्याचे दिसले. त्यानंतर स्नायूंना कमी इजा करणाऱ्या पद्धती आल्या, रुग्णांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभे करू लागले, आणि अलीकडच्या काही चाचण्यांत तर अनेक रुग्ण दोन ते चार आठवड्यांतच पूर्ववत झालेले आढळले. मात्र या चाचण्या खोलीतल्या यंत्रावर, वेदना आटोक्यात असलेल्या, निवडक रुग्णांवर झालेल्या असतात. करंजी घाटात समोरून उसाची जोडट्रॉली येत असताना होणारी चाचणी निराळी.

या अभ्यासांतील आणखी एक बाब सहसा दुर्लक्षिली जाते. काही महिन्यांनी अनेक रुग्णांची ब्रेक दाबण्याची गती शस्त्रक्रियेपूर्वीपेक्षा चांगली झालेली असते. म्हणजे वर्षानुवर्षे दुखरा, आखडलेला खुबा घेऊन गाडी चालवणारा माणूस शस्त्रक्रियेआधीच अधिक धोकादायक चालक होता. तेव्हा त्याला कोणी थांबवले नव्हते, आणि त्यालाही ते जाणवले नव्हते.

काही दशांश सेकंदांनी काय बिघडते, याचा हिशेब सोपा आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे साडेसोळा मीटर पुढे जाते. पाय ब्रेकवर पोहोचायला नेहमीपेक्षा तीन दशांश सेकंद जास्त लागले, तर गाडी पाच मीटर अधिक पुढे जाऊन थांबते. छोट्या मोटारीची लांबी चार मीटरच्या आत असते. पुणे रस्त्यावर ताशी ८० चा वेग असेल, तर हेच अंतर पावणेसात मीटरच्या आसपास जाते.

उजव्या पायाचे आणखी एक गणित आहे. आपल्या मोटारींत ॲक्सिलरेटर सर्वांत उजवीकडे आणि ब्रेक त्याच्या डावीकडे असतो. टाच टेकवून पाऊल ॲक्सिलरेटरवरून ब्रेककडे नेताना मांडी किंचित आतल्या बाजूला वळते. सांधा मागच्या बाजूने उघडून बदलला असेल, तर तो निखळण्याची भीती नेमक्या तीन हालचाली एकत्र आल्यावर असते: खुबा काटकोनापलीकडे दुमडणे, पाय मधल्या रेषेकडे येणे आणि आत वळणे. खोलगट, बुटक्या सीटवर गुडघे कंबरेच्या वर येतात तेव्हा पहिली अट पूर्ण होते आणि घाईने ब्रेक दाबताना उरलेल्या दोन. सांध्याभोवतीचे आवरण व स्नायू भरून येईपर्यंतचे पहिले सहा ते बारा आठवडे म्हणूनच जपण्याचे. समोरच्या बाजूने शस्त्रक्रिया झालेल्यांना वाकण्याची बंधने बहुधा कमी असतात. त्यांच्यासाठी पाय मागे ताणला जाऊन बाहेर वळणे अधिक अडचणीचे. गाडीतून उतरताना एक पाय आत ठेवून अंग पुढे झोकण्याची सवय त्यांनी सोडावी. आपली शस्त्रक्रिया कोणत्या बाजूने झाली, हे बहुतेक रुग्णांना माहीत नसते. रुग्णालयातून मिळणाऱ्या कागदावर ते लिहिलेले असते आणि नसेल तर विचारून घेण्यात संकोच नसावा.

डावा खुबा बदलला आणि गाडी ऑटोमॅटिक असेल, तर प्रश्न बराच सुटतो. वेदना व झोप आणणारी औषधे थांबली, गाडीत नीट चढता-उतरता आले, की असे रुग्ण इतरांच्या बरेच आधी चाकामागे बसू शकतात. पण गिअरच्या गाडीत डाव्या पायाला क्लच सोसावा लागतो. नगर-मनमाड रस्त्यावरच्या खड्ड्यांतून किंवा शिर्डीकडे जाणाऱ्या पालख्यांच्या गर्दीतून जाताना हा पाय किती वेळा वर-खाली होतो, ते एकदा मोजून पाहण्याजोगे आहे. जुन्या जीप आणि टेम्पोंचे क्लच तर धडधाकट माणसाचाही कस पाहतात. शस्त्रक्रियेनंतर पायांच्या लांबीत किंचित फरक पडलेला असू शकतो, निदान तसे वाटते तरी. सीट पूर्वीच्याच खुणेवर ठेवली तर पेडल दूर किंवा जवळ भासते, म्हणून ती नव्याने जुळवावी लागते.

औषधांचा मुद्दा थोडक्यात सांगता येतो, पण तो हलका नाही. ट्रॅमाडॉलसारखी तीव्र वेदनाशामके, नसांच्या दुखण्यासाठी दिली जाणारी प्रीगॅबालिनसारखी औषधे आणि झोपेच्या गोळ्या सुरू असेपर्यंत गाडी चालवू नये, मग आठवडे कितीही झालेले असोत. रात्री घेतलेल्या गोळीची गुंगी सकाळी उरते.

पुण्याहून घरी

जिल्ह्यात लोणीचे प्रवरा ग्रामीण रुग्णालय, विळद घाटातील विखे पाटील रुग्णालय, शिर्डीचे साईबाबा रुग्णालय अशी मोठी रुग्णालये आहेत. तरीही पुष्कळ कुटुंबे शस्त्रक्रियेसाठी पुणे गाठतात. मग गाडी चालवण्याच्या कितीतरी आधी गाडीत बसण्याचा प्रश्न येतो: तीन-चार दिवसांपूर्वी सांधा बदललेला माणूस वाघोली, शिक्रापूर, शिरूर, सुपे असा सुमारे १२० किलोमीटरचा प्रवास कसा करणार?

पुढची डावीकडची सीट पूर्ण मागे सरकवावी आणि पाठ थोडी कलती करावी. सीट खोलगट असेल तर घट्ट उशी किंवा घडी घातलेली जाड चादर ठेवून ती उंच करावी. मऊ गादी दबते आणि उपयोग होत नाही. सीटवर एक प्लॅस्टिकची पिशवी अंथरली तर अंग सहज वळते, मात्र वळून झाल्यावर ती काढून टाकावी, नाहीतर ब्रेक लागताच शरीर पट्ट्याखालून पुढे घसरते. दाराकडे पाठ करून, आधी सीटवर टेकावे, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यावेत. एक पाय आत टाकून मग बसण्याची नेहमीची पद्धत नव्या सांध्याला पिळते. गाडी पदपथाला खेटून उभी केली की उंची कमी होते आणि वाकावे लागते. ती थोडी दूर, सपाट रस्त्यावर उभी करावी. हल्ली लोकप्रिय झालेल्या उंच गाड्या बसायला सोयीच्या असल्या तरी चढायला नसतात. त्यासाठी भक्कम पाट किंवा घडवंची बरोबर ठेवणारी कुटुंबे शहाणी म्हणायची. सीटबेल्टचा खालचा पट्टा कंबरेच्या हाडांवर येतो, जखमेवर नाही, त्यामुळे तो टाळण्याचे कारण उरत नाही.

तासाभराने थांबून, वॉकर घेऊन चार पावले चालणे आवश्यक आहे. पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका या शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे असतो आणि त्यासाठीच रक्त पातळ ठेवणारी औषधे महिनाभर दिली जातात. पोटरी सुजली, दुखू लागली किंवा अचानक धाप लागली, तर घर जवळ आले म्हणून पुढे जाऊ नये. वाटेतले रुग्णालय गाठावे. शिरूरला चहासाठी थांबण्याची जुनी प्रथा येथे कामी येते. फक्त ढाब्यावरच्या बाजेवर बसू नये, ती बुटकी असते आणि मध्ये झोळ खाते.

दुचाकी: पुस्तकात नसलेला अध्याय

परदेशी माहितीपत्रके मोटारीपाशी थांबतात. मोटारसायकलवर मात्र प्रत्येक टप्पा खुब्याशी संबंधित आहे. गाडीवर डावीकडून चढताना डाव्या पायावर संपूर्ण भार घेऊन उजवा पाय सीटवरून फेकावा लागतो. डावा खुबा नवा असेल तर एका पायावर तोल सांभाळण्याची परीक्षा. उजवा असेल तर पाय उंच, बाहेर फेकण्याची. मागे पेटी, दुधाचे कॅन किंवा गवताचा भारा असला की पाय मागून फिरवता येत नाही, तो गुडघ्यात दुमडून पुढून ओढावा लागतो. ही तर नेमकी टाळायची हालचाल. उजव्या पायाचा ब्रेक, डाव्या पायाचा गिअर, थांबताना दीडशे किलोच्या आसपासची गाडी पायांवर तोलणे, आणि वाळूवर चाक घसरले तर पाय टेकवून सावरणे हे सारे त्यानंतर.

मोटारीतील चालकाला धडक बसली तर भोवती पत्रा असतो. दुचाकीस्वार थेट कंबरेवर पडतो. नव्या सांध्याचा धातूचा दांडा ज्या हाडात बसलेला असतो ते हाड दांड्याभोवती मोडले, तर ती दुरुस्ती पहिल्या शस्त्रक्रियेहून कठीण असते. म्हणून मोटारीला सहा आठवडे म्हणणारे अनेक अस्थिरोगतज्ज्ञ दुचाकीसाठी सुमारे तीन महिने सांगतात. हा आकडा सावधगिरीचा वाटला तरी रास्त आहे. त्या वेळी रुग्णाला आधाराशिवाय, न लंगडता चालता आले पाहिजे आणि शस्त्रक्रिया झालेल्या पायावर काही क्षण एकट्याने उभे राहता आले पाहिजे. सुरुवात पाय आतून टाकता येणाऱ्या, हलक्या, बटणावर सुरू होणाऱ्या स्कूटरवर करावी. किक मारणे शक्यतो कायमचे सोडावे.

मागे बसणाऱ्यांचे काय, हा प्रश्न विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत विचारला जात नाही. साडी नेसून एका बाजूला बसताना कंबर पिळलेली, भार एका बाजूवर आणि पाय लहानशा पट्टीवर अशी अवस्था असते. उतरताना तर उडीच मारावी लागते. पहिले तीन महिने हे बसणे नकोच. बाजाराला जाण्यासाठी रिक्षा हा खर्चिक वाटला तरी बरा पर्याय आहे, तोही तीन प्रवाशांच्या मध्ये आवळून बसावे लागणार नसेल तर.

ट्रॅक्टर सर्वांत शेवटी. उंच पायरी, जड क्लच, नांगरटीत सतत मागे वळून पाहणे आणि तासन्‌तास हादरे. तिशी-चाळिशीत सांधा बदललेल्या शेतकऱ्याने हे लक्षात घ्यावे, की त्याला तो सांधा दीर्घकाळ पुरवायचा आहे. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केलेल्या एका मोठ्या आढाव्यात खुब्याचे सुमारे ५८ टक्के कृत्रिम सांधे २५ वर्षे टिकल्याचे दिसले. उरलेल्यांना त्याआधीच पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. तीन महिन्यांनंतरचा एक्स-रे पाहून, डॉक्टरांच्या संमतीने ट्रॅक्टरवर बसावे आणि आरंभी तरी नांगरटीऐवजी हलकी कामे घ्यावीत.

चाकामागे बसण्याआधी एक साधी तपासणी घरच्या घरी करता येते. इंजिन बंद असलेल्या, हँडब्रेक ओढलेल्या गाडीत बसावे. शेजारच्याने अचानक टाळी वाजवावी आणि रुग्णाने पाय ॲक्सिलरेटरवरून उचलून ब्रेक पूर्ण ताकदीने दाबावा. असे वीस-पंचवीस वेळा. पाय अडखळला, कळ आली, किंवा दाबण्याआधी मन क्षणभर कचरले, तर अजून थांबायचे. ही डॉक्टरांच्या परवानगीची जागा घेणारी चाचणी नव्हे, पण कॅलेंडरपेक्षा ती अधिक खरे बोलते. पहिला फेरा दिवसा, मोकळ्या रस्त्यावर, सोबत दुसरा चालक घेऊन आणि अर्ध्या तासाच्या आत. गळीत हंगामात, मागचा दिवा नसलेल्या ट्रॉलींमधून रात्री जाण्याचा प्रसंग पहिल्या महिन्यात तरी आणू नये.

कायदा याबाबत काय म्हणतो? मोटार वाहन कायद्यात शस्त्रक्रियेनंतर अमुक आठवडे वाहन चालवू नये असे कलम नाही. मात्र आपल्या आजारामुळे किंवा शारीरिक अक्षमतेमुळे वाहन चालवणे इतरांना धोक्याचे ठरेल हे ठाऊक असूनही वाहन चालवल्यास कलम १८६ लागू होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यासाठी एक हजार आणि पुढच्यांसाठी दोन हजार रुपयांपर्यंत दंड आहे. रक्कम किरकोळ असली, तरी अपघात घडलाच तर डॉक्टरांनी दिलेला कागद, त्यावरील तारीख आणि त्यातील सूचना महत्त्वाच्या ठरतात. परवानगी तोंडी न घेता केसपेपरवर लिहून घ्यावी: कोणते वाहन, कोणत्या तारखेपासून. नगरच्या ‘एमएच १६’ किंवा श्रीरामपूरच्या ‘एमएच १७’ कार्यालयात चाळिशीनंतर परवान्याचे नूतनीकरण करताना नमुना ‘१-अ’मधील वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. त्या वेळी शस्त्रक्रियेची माहिती लपवण्याचे कारण नाही. नीट बसलेला सांधा हा परवान्यातील अडथळा नसतो.

व्यावसायिक चालकाची स्थिती वेगळी आहे. त्याला बस किंवा ट्रक दिवसाकाठी आठ-दहा तास चालवायचा असतो, चाक बदलायचे असते, ताडपत्री ओढायला टपावर चढायचे असते. त्यामुळे मोटार चालवण्याइतपत बरा झालेला माणूस लगेच ड्युटीवर जाण्याइतका बरा झाला, असे होत नाही. खासगी मालकाकडील चालकाला बहुधा पगारी रजा नसते आणि तीन महिन्यांची वाट पाहणे त्याच्यासाठी सर्वांत अवघड. शस्त्रक्रियेची तारीख ठरवतानाच मालकाशी बोलून हलके काम, माल मोजणी, गोदामाची नोंद असे काही मिळते का, हे पाहणे त्यातल्या त्यात शहाणपणाचे. सरकारी आस्थापनांतील चालकांना मात्र कायद्याचे संरक्षण आहे. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढून टाकता किंवा पदावनत करता येत नाही. तो मूळ कामासाठी योग्य राहिला नसेल तर त्याच वेतनश्रेणीवर दुसरे काम द्यावे लागते, असे दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम २० मध्ये म्हटले आहे. सांधा बदलला म्हणजे आपोआप अपंगत्व आले असे नव्हे. त्यासाठी सक्षम वैद्यकीय मंडळाचे प्रमाणपत्र लागते. ज्याचा सांधा चांगला बसला आहे अशा चालकाला या कलमाची गरजच पडत नाही, आणि ज्याला पडते त्याने पर्यायी कामाचा लेखी अर्ज प्रमाणपत्रासह आस्थापनेकडे द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि तोवर रजा संपू देऊ नये.